मुलासाठी दवाखाना, मालासाठी ठाणे

"ही वस्तू मी आता घरात ठेवू, कचऱ्यात टाकू, की ठाण्यात नेऊन देऊ?" असे विचारीत चिंचभुवनच्या एका गृहिणीने रुमालाची घडी माझ्या टेबलावर उलगडली. आत बोटभर लांबीची, फिकट निळी, गुळगुळीत दांडी होती. तिच्या एका टोकाला चार्जरचे छिद्र व दुसऱ्या टोकाला चपटी चोच नसती, तर ती काय चीज आहे हे मलाही चटकन उमगले नसते. बाईंच्या यजमानांनी तर ती पेन ड्राइव्ह समजून संगणकाला लावून पाहिली होती. दहावीतल्या मुलाच्या दप्तरात कंपासपेटीखाली ती सापडली, आणि त्याआधी महिनाभर त्या दप्तराला संत्र्याचा वास येत होता. पण नागपुरात दप्तराला संत्र्याचा वास आला म्हणून कोणती आई दचकणार आहे?

खर्रा खाणाऱ्याचे पितळ उघडे पडायला वेळ लागत नाही, कारण रंगलेले दात, खिशातली पन्नी आणि भिंतीवरची पिचकारी हे तिन्ही साक्षीदार न बोलावता जबानी देतात. व्हेपची, म्हणजे त्या दांडीसारख्या ई-सिगारेटची, गोष्ट तशी नाही. त्याला काडी लागत नाही, राख पडत नाही, वास लागलाच तर फळाचा किंवा पुदिन्याचा लागतो, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती वस्तू जन्मात पाहिलेली नसते. त्यामुळे ती हाती लागली, की भीती, संताप, लोकलज्जा आणि कायद्याविषयीचे अर्धवट ऐकीव ज्ञान यांचे एकच गाठोडे होऊन पालक कोणाच्या ना कोणाच्या दारात उभे राहतात. मिहान, खापरी, बेसा, मनीषनगर या पट्ट्यातून येणारे प्रश्न ऐकून माझे मत असे झाले आहे, की या गाठोड्यातील दोन जिन्नस आधी वेगळे करावेत: एक मूल आणि दुसरा माल. मुलाचा प्रश्न आरोग्याचा आहे, मालाचा प्रश्न फौजदारीचा आहे. आणि एकाची वाट दुसऱ्याला लावली, म्हणजे मुलाला दरडावून ठाण्याची भीती घातली व विकणाऱ्याला मात्र समज देऊन सोडले, की दोन्ही कामे बिघडतात.

कायदा काय म्हणतो, आणि काय म्हणत नाही

१८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी घातली व त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने त्याचे अधिनियमात रूपांतर केले. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा आणि जाहिरात ही सर्व कृत्ये त्याने निषिद्ध ठरविली. साठा सोडून इतर कृत्यांसाठी पहिल्या अपराधाला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच अपराध केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. आपल्या ताब्यातील जागेत जाणूनबुजून साठा ठेवू देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. विक्री व वाहतुकीचा अपराध दखलपात्र आहे.

आता वाचकांकडून वारंवार ऐकू येणारे गैरसमज, आणि त्यांची उत्तरे:

- "यात निकोटीन नाही, नुसता फ्लेवर आहे." कायद्याची व्याख्या निकोटीन असो वा नसो, पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ करणाऱ्या प्रत्येक विद्युत उपकरणाला लागू आहे, ई-हुक्का व तंबाखू न जाळता नुसती तापविणारी उपकरणेही तीत आली. 'हर्बल' आणि 'व्हिटॅमिन' या चिठ्ठ्या डकवल्याने वस्तू बदलत नाही. औषधविषयक कायद्याखाली परवाना मिळालेली उत्पादने तेवढी वगळली आहेत.
- "मुलगा आता अठरा वर्षांचा झाला." ही वयाची अट सिगारेट-तंबाखूच्या २००३ च्या कायद्यातली आहे. ई-सिगारेट अठराच्या मुलालाच काय, ऐंशीच्या आजोबांनाही विकता येत नाही.
- "ठेला शाळेपासून शंभर यार्डांच्या पलीकडे आहे." ती मर्यादाही त्याच तंबाखूच्या कायद्यातली. व्हेपसाठी अंतर मोजण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.
- "मिहान म्हणजे सेझ, तिथे बाहेरचा कायदा चालत नाही." हा समज मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. विशेष आर्थिक क्षेत्र सीमाशुल्कापुरते देशाच्या शुल्कक्षेत्राबाहेरचे मानले जाते, तेही अधिकृत व्यवहारांपुरते. फौजदारी कायदा तेथे जसाच्या तसा लागू आहे.
- "भाचा लंडनहून येतो, तिथे दुकानात मिळते." ब्रिटनमध्ये प्रौढांना व्हेप विकत मिळते हे खरे, पण एकदाच वापरून फेकायच्या उपकरणांवर त्या देशानेही १ जून २०२५ पासून बंदी घातली, ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून विक्री औषधांच्या दुकानांपुरती ठेवली. आपल्याकडे मात्र आयात सर्वस्वी निषिद्ध असल्याने दोहा किंवा शारजाहून सोनेगावच्या विमानतळावर उतरणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेतील एक नगही सीमाशुल्क अधिकारी जप्त करू शकतात. परदेशातील आप्तांना हे निघण्यापूर्वीच कळवावे.

आणि नुसते ओढणे? येथे थोडी स्पष्टता हवी. अधिनियमात झुरका मारण्यासाठी म्हणून शिक्षेचे वेगळे कलम नाही. तथापि कोणत्याही स्वरूपात ती वस्तू जवळ बाळगणे हे कायद्याशी विसंगत आहे अशी भूमिका केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ साली घेतली आहे. तेव्हा 'ओढणाऱ्याला काही होत नाही' या भरवशावर मुलाला राहू देऊ नये. परंतु ओढणारे मूल हेच कायद्याचे लक्ष्य आहे असेही समजू नये. कायद्याचा सारा रोख व्यापारावर आहे.

पहिली संध्याकाळ

वस्तू सापडली त्या संध्याकाळी जे बोलले जाते, त्यावर पुढचे सहा महिने अवलंबून असतात. म्हणून ती संध्याकाळ हातघाईवर येऊ देऊ नका.

१. वस्तू ताब्यात घ्या. तिची चव पाहू नका, ती उघडू नका, चार्जिंगला लावू नका. आतील द्रव लहान भावंडाच्या तोंडात गेला तर विषबाधा होते: ओकारी, दरदरून घाम, हातपाय थरथरणे. अशा वेळी घरी ओकारी काढायचा प्रयत्न न करता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे.

२. त्या रात्री चौकशी नको. दुसऱ्या दिवशी, शक्यतो आई किंवा वडील यांपैकी एकानेच, गाडीत किंवा फिरायला जाताना, म्हणजे डोळ्याला डोळा न भिडवता बोलता येईल अशा ठिकाणी विषय काढावा.

३. पहिला प्रश्न "कोणी दिली?" हा नसावा. तो प्रश्न विचारताच मूल मित्राला वाचविण्याच्या मागे लागते व खोटे बोलू लागते. पहिला प्रश्न असा: "सकाळी उठल्यावर पहिला झुरका किती वेळाने लागतो?" याचे महत्त्व पुढे सांगतो.

४. पैशांचा माग शांतपणे काढा. मोबाइलवरून केलेल्या देण्यांची यादी, अनोळखी कुरिअरचे रिकामे पाकीट, तारखेसह लिहून ठेवा. फाडू नका, ती उद्या उपयोगी पडतील.

५. ज्या घरात वडील जेवणानंतर खर्रा घोटून आणायला मुलालाच ठेल्यावर पाठवतात, त्या घरातील उपदेशाला किंमत राहात नाही, हे कटू असले तरी लिहिणे भाग आहे. अशा वडिलांनी मुलाबरोबर स्वतःचीही तारीख ठरवावी.

६. ती वस्तू विकणाऱ्याला परत करून पैसे मागण्याच्या फंदात कदापि पडू नये. एका सद्गृहस्थांनी हेच केले. ठेलेवाल्याने पैसे दिले नाहीतच, उलट त्या मुलाला 'घरी सांगितलेस' म्हणून चारचौघांत छेडले.

हौस की व्यसन?

१३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांच्या २०१९ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत २.८ टक्के मुलांनी कधी ना कधी ई-सिगारेट ओढल्याचे सांगितले होते. म्हणजे आपले मूल जगावेगळे नाही, आणि 'सगळेच ओढतात' हा त्याचा दावाही खरा नाही. हे दोन्ही त्याला सांगण्यासारखे आहे.

एकदा मित्राच्या हातून ओढून पाहणे आणि दररोज लागणे यांत अंतर आहे, पण ते किती झपाट्याने कापले जाते हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. वेष्टनावर '५ टक्के' असे लिहिले असेल तर एक मिलिलीटर द्रवात सुमारे ५० मिलिग्रॅम निकोटीन असते. दहा मिलिलीटरच्या नगात ५००. एका साध्या सिगारेटमधून शरीरात जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम निकोटीन जाते. काही वाफ हवेत वाया जाते हे जमेस धरूनही, कंपासपेटीखाली मावणाऱ्या एका दांडीत शेकडो सिगारेटींचा ऐवज भरलेला असू शकतो. शिवाय त्यातील निकोटीन आम्ल घालून क्षाररूपात आणलेले असते, त्यामुळे घसा खवखवत नाही. पहिल्या विडीला ठसका लागून पूर्वीची मुले आपोआप मागे फिरत, ती सोय येथे उरलेली नाही. आणि सारा मालच चोरट्या मार्गाने येत असल्याने वेष्टनावरील आकडे कोणी तपासलेले नसतात. ते कमी-अधिक, काहीही असू शकतात.

तर तो प्रश्न. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत झुरका लागत असेल, रात्री त्यासाठी जाग येत असेल, वर्गातून दर तासाला शौचालयाला जावे लागत असेल, दोन दिवस न मिळाल्यास चिडचिड, डोकेदुखी, लक्ष न लागणे असे होत असेल, तर ती हौस राहिलेली नाही. तेथे 'इच्छाशक्ती दाखव' असे म्हणणे म्हणजे तापलेल्या मुलाला ताप उतरव म्हणून सांगण्यासारखे आहे. सोडल्यानंतरचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत शिखरावर असतो व साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. ही गोष्ट मुलाला आधीच सांगितली, तर तिसऱ्या दिवशीच्या तडफडीला ते कायमची समजत नाही. परीक्षेचा आठवडा सोडून तारीख ठरवावी. तलफ आली की ती काही मिनिटांत उतरते, तेवढा वेळ पाणी, दीर्घ श्वास, जिना चढणे-उतरणे, काहीही करून काढावा. निकोटीनचा च्युइंग गम औषधाच्या दुकानात मिळतो खरा, पण अठराच्या आतील मुलाला तो डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नये.

छातीत दुखणे, दम लागणे, ताप आणि सतत खोकला एकत्र दिसल्यास मात्र समुपदेशनाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे व व्हेपची गोष्ट त्यांच्यापासून लपवू नये. अमेरिकेत २०१९ च्या उन्हाळ्यात अशा रुग्णांची साथच उसळली, २,८०० हून अधिक तरुण-प्रौढ रुग्णालयांत दाखल झाले आणि ६८ दगावले. त्यामागे मुख्यत्वे गांजाच्या अर्काच्या व्हेपमध्ये मिसळलेला एक तेलकट पदार्थ निघाला. काय ओढले हे डॉक्टरांना ठाऊक असणे किती निकडीचे आहे, हे त्यावरून ध्यानी यावे.

उपचार कोठे मिळेल

मिहानकरांचे एक भाग्य असे, की अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे आपले एम्स, ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झालेले, त्यांच्या दारातच आहे. तेथील मानसरोग विभागात नाव नोंदवून दाखवावे. शहरात राहणाऱ्यांना मेडिकल व मेयो ही शासकीय रुग्णालये, आणि मेडिकलच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय जवळ पडेल. मानसरोग विभागाच्या पाटीला बिचकून परत फिरणारे पालक पुष्कळ. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. ती शाळेला किंवा शेजाऱ्यांना कळविली जात नाही.

घरून बोलायचे असल्यास:

- तंबाखूमुक्तीसाठी राष्ट्रीय क्विटलाइन: १८००-११-२३५६ (मोफत)
- मानसिक ताणासाठी टेली-मानस: १४४१६
- मूल संकटात असल्यास चाइल्डलाइन: १०९८

माल: फिर्याद कोठे, कशी

मिहानात हा प्रश्न विशेष अवघड वाटतो, कारण येथे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन अंमल असतात. २००२ साली स्थापन झालेली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी प्रकल्पाची जमीन सांभाळते, सेझचे विकास आयुक्त वेगळे, सीमाशुल्क वेगळे, काही वस्ती महापालिकेत तर काही ग्रामपंचायतीत. आणि तक्रारदाराला प्रत्येक टेबलावरून पुढच्या टेबलाची दिशा दाखविली जाते. गुटख्याच्या सवयीने पुष्कळ लोक अन्न व औषध प्रशासनाकडे धाव घेतात. ई-सिगारेटपुरता सरळ रस्ता पोलिसांचा आहे. पोलीस उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाचा अधिकारी या कायद्याखाली प्राधिकृत असून त्याला वॉरंटाशिवाय जागेत शिरून झडती व जप्ती करता येते. म्हणून ठाण्यात गेल्यावर उपनिरीक्षकांची भेट मागावी, हवालदाराला तोंडी सांगून परतू नये.

हद्दीचा घोळ असेल तर तो आपण सोडवीत बसण्याचे कारण नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार दखलपात्र अपराधाची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्द नसली तरी त्यांनी ती नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवावयाची असते. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठविल्यास तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी. अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. नोंद घेण्यास नकार मिळाल्यास तोच मजकूर टपालाने शहर हद्दीत पोलीस उपायुक्तांकडे, ग्रामीण हद्दीत पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा. तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

अर्ज लांबलचक नको. उदाहरणादाखल मसुदा देतो:

*"अमुक तारखेस सायंकाळी सुमारे सहा वाजता अमुक चौकातील अमुक रंगाच्या ठेल्यावर शाळेच्या गणवेशातील मुलांना ई-सिगारेटी विकल्या जात असल्याचे मी स्वतः पाहिले. माल समोर मांडलेला नसून गल्ल्याखालील डब्यातून दिला जातो. सबब ई-सिगारेट प्रतिबंध अधिनियम, २०१९ च्या कलम ४ व ५ अन्वये झडती घेऊन मुद्देमाल जप्त करावा, घेणारी मुले अल्पवयीन असल्याने बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७७ लागू होते काय हे तपासावे, आणि या अर्जाची पोच द्यावी, ही विनंती."*

त्या ७७ व्या कलमाखाली बालकाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड आहे. ते लागेल की नाही हे तपासात माल काय निघतो यावर ठरेल. पण अर्जात त्याचा उल्लेख असला, की प्रकरणाकडे किरकोळ म्हणून पाहिले जात नाही.

विक्री इन्स्टाग्राम, टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर चालत असेल तर खात्याचे नाव, तारीख, मालाचे चित्र, दर व पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता एकाच वेळी दिसेल असे छायाचित्र घ्यावे, कारण ही खाती रातोरात नाव बदलतात. जाहिरातही अपराध असल्याने विक्री सिद्ध होण्याची वाट पाहावी लागत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ साली खास या तक्रारींसाठी संकेतस्थळ उघडले आहे. त्याचा पत्ता इंग्रजी अक्षरांत 'व्हायोलेशन', मग आडवी रेघ, मग 'रिपोर्टिंग', डॉट, 'इन' असा टंकावा. तातडीच्या प्रसंगी ११२.

तीन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्या. पुरावा मिळविण्यासाठी आपल्या मुलाला गिऱ्हाईक बनवून पाठवू नये. ठेलेवाल्याशी हुज्जत घालून त्याला सावध करू नये. दुसऱ्या दिवशी डबा रिकामा असतो. आणि सोसायटीच्या ग्रुपवर मुलाचे नाव वा छायाचित्र टाकू नये. बालकाची ओळख प्रसिद्ध करणे बाल न्याय अधिनियमाच्या ७४ व्या कलमाने निषिद्ध केले आहे, मग टाकणारे ग्रुपचे अध्यक्ष का असेनात.

शाळा, खोल्या आणि कंपन्या

शाळेत वस्तू सापडली म्हणजे मुख्याध्यापकांचा पहिला विचार दाखला हातात देण्याचा असतो. शिक्षणहक्क कायद्याच्या १६ व्या कलमान्वये आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, हे ध्यानात ठेवावे. नववी-दहावीच्या मुलालाही काढून टाकल्याने काय साधते? ते पुढच्या शाळेत जाते आणि त्याच्याबरोबर विक्रेत्याचा नंबरही जातो. त्यापेक्षा दप्तराची तपासणी दोन शिक्षकांसमक्ष, कपड्यांना हात न लावता करावी, पालकांना त्याच दिवशी बोलवावे, वस्तू पाकिटात बंद करून तारीख-सह्या घालाव्या व ती पोलिसांच्या स्वाधीन करावी. तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत शंभर यार्डांवर पिवळी रेघ ओढण्यास सांगितले आहे. किती शाळांपुढे ती दिसते, हे वाचकांनी आपापल्या वाटेवर पाहावे.

खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी, पेइंग गेस्ट ठेवणाऱ्यांनी, ई-सिगारेट अधिनियमाचे कलम ५ विसरू नये. भाडेकरूच्या खोलीत खोकेच्या खोके येतात हे ठाऊक असून काणाडोळा केला, तर जागेचा मालक म्हणून प्रश्न आपल्याला विचारला जाईल. कंपन्यांतील सुरक्षारक्षकांना पोलिसांसारखा झडतीचा अधिकार नाही. नियमावलीत लिहून, संमतीने बॅग तपासता येते, याउपर पोलिसांना बोलवावे.

सर्वांत जास्त कळकळीने सांगावेसे वाटते ते वर्धा रोडवर पाठीला चौकोनी पेटी बांधून पळणाऱ्या पोरांना. कायद्यात 'वाहतूक' हा शब्द आहे. कोणी ॲपच्या बाहेर, रोख शंभर-दोनशे देऊन 'एवढे पाकीट त्या गेटवर दे' म्हणाला, तर पकडले जाईल ते पाकीट तुमच्या पेटीत. देणारा आणि घेणारा, दोघेही तुम्हाला ओळखणार नाहीत. आत काय आहे ते बिलावर लिहिलेले नसलेले पाकीट घेऊच नये.

पोलिसांनी मुलाला अडविले तर

व्हेपसाठी रस्त्यावर जागच्या जागी भरायचा दंड अस्तित्वात नाही. शिक्षा न्यायालय देते. सार्वजनिक जागी धूम्रपान केल्याबद्दल जो दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे तो तंबाखूच्या कायद्यातला आणि त्याची पावती मिळते. 'पाच हजार दे, मिटवतो' असे कोणी म्हटल्यास ती लाचेची मागणी होय. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. या प्रसंगाने गोंधळून घरी न सांगता मित्रांकडून उसने पैसे जमविणारी मुले मला माहीत आहेत, आणि त्यांना पुन्हा पुन्हा अडविले गेले हेही माहीत आहे.

मूल अठरा वर्षांखालील असल्यास त्याला कोठडीत ठेवता येत नाही. पालकांना कळवावे लागते, ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने त्याच्याशी बोलावयाचे असते. कमी शिक्षेच्या अपराधांत बालकावर सहसा प्रथम खबर नोंदविली जात नाही. दैनंदिनीत नोंद होऊन बाल न्याय मंडळाकडे अहवाल जातो. वर्गात झुरक्यामागे पैसे घेऊन 'विकणारे' मूलही याच संरक्षणात येते, आणि बहुधा त्याच्यामागे एक प्रौढ पुरवठादार असतो. तपास तिकडे वळावा असा आग्रह पालकांनी धरावा. झडती-जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करणे नव्या संहितेने आवश्यक केले आहे, पंचनाम्याची प्रत मागावी. बालकाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१००.

एक धोका वेगळा काढून सांगतो. दांडीत गांजाचा अर्क निघाला तर प्रकरण अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात जाते, आणि तेथील हिशेब निराळा आहे. अशा शंकेला जागा असेल तर कोणताही जबाब देण्यापूर्वी वकील गाठावा.

रुमालातली ती दांडी

आता त्या गृहिणीच्या प्रश्नाकडे. घरात ठेवणे योग्य नाही, हे उघड आहे. घंटागाडीत टाकणेही नाही. आतील लिथियमची बॅटरी दबली वा चिरडली तर पेट घेते, आणि उरलेला द्रव कचरा वेचणाऱ्याच्या हाताला लागतो. म्हणून विक्रेत्याविरुद्ध अर्ज द्यावयाचा असेल तर वस्तू कोरड्या पाकिटात घालून, कोठे व कधी सापडली ते वर लिहून, अर्जासोबत उपनिरीक्षकांकडे द्यावी व पोचेत तिचा उल्लेख करवून घ्यावा. अर्ज द्यावयाचाच नसेल, तर चोचीवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात बॅटरीची वस्तू म्हणून टाकावी.

त्या बाईंनी दोन्ही कामे केली, पण क्रम आपला ठेवला. सोमवारी त्या मुलाला घेऊन एम्समध्ये गेल्या. ठाण्यात गेल्या त्या पुढच्या आठवड्यात, जेव्हा मुलाने आपण होऊन ठेल्याचा रंग सांगितला.